रद्द कुणी केलं?

झिराडकर साहेबांचं टेबल भिंतीला टेकलेलं मी कधी पाहिलं नाही.

नवीन राज्य झालं तेव्हा रायपुरात मंत्रालयाला इमारत नव्हती. शहरातलं एक जुनं इस्पितळ रिकामं करून त्यातच सरकार बसलं. आमचा विभाग वरच्या मजल्यावरच्या एका वॉर्डात होता. भिंतींना कमरेइतक्या उंच पांढऱ्या फरशा, त्यांच्यावर खाटांचे रंगवलेले नंबर, सलाइन टांगायचे हूक, सगळं जसंच्या तसं. जिथे खाटा होत्या तिथे ओळीनं आमची टेबलं लागली. माझं टेबल चौदा नंबरखाली. पहिले काही महिने मी त्या नंबराकडे पाठ करून बसायची, तरी मानेवर कोणी श्वास सोडून राहिल्यासारखं वाटायचं.

भोपाळहून ट्रकांनी फायलींचे बस्ते येत होते आणि बस्त्यांसोबत माणसंही येत होती. राज्य वाटून झालं तशी माणसंही वाटून झाली होती. बहुतेकांना यायचं नव्हतं. रायपूरच्या यादीत नाव निघालं म्हणून रडणारे मी पाहिले, बदली रद्द करायला महिनोन्‌महिने धावणारे पाहिले. झिराडकर साहेब एकटेच असे, की ज्यांनी स्वतः अर्ज देऊन रायपूर मागितलं होतं. ते आमचे सेक्शन ऑफिसर. उंच, किंचित वाकलेले, पांढरा हाफ शर्ट आणि डोक्यावर सदा एक काळी गोल टोपी. पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्या शिपायाला, बिसाहूला बोलावलं आणि आपलं टेबल ओढायला लावलं, ते थेट वॉर्डाच्या मधोमध.

"साहब, बीच में तो सब टकराही," बिसाहू म्हणाला.

"टकराने दो. दीवार से लग के मैं नहीं बैठता."

लोक टकरायचे. साहेब दर वेळी टेबलावरची दौत सांभाळायचे आणि पुन्हा मान खाली घालायचे. आम्हाला वाटलं, भोपाळची अकड आहे, चारी बाजूंनी लक्ष ठेवायचंय.

त्यांचं पूर्ण नाव हनोख झिराडकर. हिंदीवाले त्यांना जीराकर बाबू म्हणत. मी मराठी आहे कळल्यावर ते माझ्याशी मराठीत बोलायला लागले. त्यांची मराठी कोकणातली, स्वच्छ. माझी आमच्या ब्राह्मणपाऱ्यातली, अर्धी नागपुरी, अर्धी हिंदी. आमचं घर भोसल्यांच्या काळापासून रायपुरात, त्यामुळे आम्ही मराठी बोलतो खरं, पण पुण्याचा माणूस आला तर हसतो. साहेब कधी हसले नाहीत. मी "का"ऐवजी "काहून" म्हटलं की त्यांचे डोळे जरा उजळत, एवढंच.

ते आमच्याच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, आमच्या घरापासून चार घरं सोडून खोली घेऊन राहू लागले. खोलीच्या चौकटीला त्यांनी एक पितळी नळी तिरपी ठोकली. माझी आई घरमालकिणीकडे गेली होती, तिनं ती पाहिली.

"हे काय लावून राहिले दाराले? थर्मामीटर आहे का?"

"आत देवाचं वचन आहे," साहेब म्हणाले. "आम्ही ज्यू. बेने इस्राएल. कोकणातले."

आईला ज्यू म्हणजे काय ते माहीत नव्हतं. देवाचं वचन तेवढं कळलं. पुढच्या दसऱ्याला घरमालकिणीनं सगळ्या दारांना हळदकुंकू लावलं तेव्हा त्या नळीलाही लावलं. साहेबांनी ते पुसलं नाही. मला म्हणाले, "सुनंदा, आमच्या धर्मात एक मूळ आहे आणि एक पुरवणी. मूळ देवानं दिलं, पुरवणी माणसांनी जोडली. हे कुंकू बहुतेक पुरवणीच्याही पुरवणीत बसेल." मी त्यांना हसताना पाहिलं ते तेव्हा.

मूळ आणि पुरवणी. हे दोन शब्द त्यांच्या तोंडी सतत असत, ऑफिसातही. नवीन राज्यात रोज प्रश्न उभा राहायचा, की जुन्या राज्यात काढलेलं एखादं परिपत्रक इथे चालतं की नाही. तरुण अधिकारी म्हणायचे, ते राज्य गेलं, त्याची कागदपत्रंही गेली. साहेब चष्मा काढून तीन प्रश्न विचारायचे. "कुणी काढलं? कशासाठी काढलं? रद्द कुणी केलं?" तिसऱ्याचं उत्तर मिळालं नाही की ते फाइलवर लिहून मोकळे व्हायचे, आदेश लागू आहे. कधीकधी तो आदेश अगदी वेडगळ असायचा. सायकलवरून डाक नेणाऱ्याला कंदिलाचं तेल किती, असला. तरी लागू. लोक चिडायचे. पण त्यांच्या टेबलावरून गेलेली फाइल कधी परत आली नाही, हेही खरं.

एकदा विभागाच्या जेवणात कोंबडीचा रस्सा होता आणि मागून खीर. साहेबांनी रस्सा खाल्ला, खिरीची वाटी सरकवली.

"तुमच्या देवानं मना केलं का?" मी विचारलं.

"देवानं एवढंच म्हटलं, करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नकोस. कोंबडीला कुठलं आलंय दूध? पण जुन्या पंडितांना वाटलं, लोक घोटाळा करतील. एका मांसाला चालतं म्हणजे दुसऱ्यालाही चालतं म्हणतील. म्हणून त्यांनी कोंबडीही त्यातच घातली."

"म्हणजे माणसांनी घातली. मग खा ना."

"माणसांनी घातली म्हणून सुटत नाही, सुनंदा. ज्यांनी नियम केला त्यांच्यापेक्षा शहाणी आणि त्यांच्यापेक्षा मोठी सभा बसावी लागते. ती म्हणेल तेव्हा सुटेल. नियमाचं कारण संपलं तरी नियम संपत नाही."

सणांचंही तसंच. मूळ सण एका दिवसाचा, साहेब दोन दिवसांची रजा टाकायचे. पूर्वी चंद्र दिसल्याचा निरोप यरुशलेमहून माणसं पायी घेऊन निघत. दूरच्या गावांना तो वेळेवर पोचत नसे, म्हणून तिथल्या लोकांनी चूक नको म्हणून दोन दिवस पाळायचे. आता छापील पंचांग आहे, चूक व्हायचा प्रश्नच नाही. तरी दोन दिवस. बिसाहू साऱ्या मजल्यावर सांगत फिरायचा, "हमर साहब के भगवान दू दिन तिहार मनाथे."

पण एक सवय अशी होती की तिच्यावर कोणी हसत नसे. साहेब माणसं मोजायचे. चहाच्या टपरीवर, बैठकीत, जिन्यावर. ओठ हलत, आवाज जेमतेम ऐकू येई. "एक नाही, दोन नाही, तीन नाही." त्यांच्यात माणसं मोजायची नसतात, म्हणून प्रत्येक आकड्यामागे ते "नाही". दहापर्यंत पोचले की थांबायचे आणि त्या माणसांकडे असं बघायचे, की जणू त्यांच्यापैकी कोणीतरी काही बोलणार आहे. मग मान खाली घालायचे. हे पाहिलं की मला आपलं टेबल सोडून बाहेर उन्हात जावंसं वाटायचं. बिसाहू एकदा हळूच म्हणाला, "दीदी, ए अस्पताल म कोनो ओला दिखथे." त्याला वाटायचं, या इस्पितळात साहेबांना कोणी दिसतं.

त्या तीन-चार वर्षांत त्यांच्याकडे कोणी आलं नाही, पत्र आलं नाही. बायको आहे, रेवदंड्याला बहिणीकडे असते, एवढंच एकदा आईनं खोदून विचारल्यावर ते बोलले होते. मुलंबाळं? त्यावर ते म्हणाले, "एक होता."

मग एका दुपारी जिन्यावरून एक बाई आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, सुती साडी, गळ्यात मंगळसूत्र, हातात प्रवासाची पिशवी. वॉर्डाच्या दारात उभ्या राहून त्यांनी आत नजर फिरवली आणि मधोमधच्या टेबलापाशी ती थांबली. साहेब खाली बैठकीला गेले होते.

"हनोख झिराडकर इथेच बसतात ना?" त्यांनी मला विचारलं. "मी लेआ. त्यांची बायको."

मी खुर्ची दिली, पाणी दिलं. पाणी त्यांनी घेतलं, खुर्चीवर बसल्या नाहीत. साहेब वर आले, दारातच थबकले. दोघांमध्ये हातभर अंतर होतं. मी फाइलीत तोंड घातलं, पण ऐकू येत होतं.

"गावचा रस्ता रुंद होतोय," त्या म्हणाल्या. "कबरस्तानाची भिंत दहा फूट आत सरकणार. भिंतीशी जे आहेत त्यांना हलवावं लागेल. बापाची चिठ्ठी हवी म्हणतात. आता तरी आत घ्या म्हणून लिहून दे. आजोबांशेजारी जागा तशीच आहे."

साहेबांनी डोक्यावरची टोपी नीट केली. मग म्हणाले, "विचारून सांगतो."

"अजून विचारायचंय?"

त्या वळल्या आणि जिना उतरू लागल्या. साहेब जागचे हलले नाहीत. मीच मागे धावले आणि त्यांना घरी घेऊन आले, कारण त्यांना शहरात दुसरं जायला ठिकाण नव्हतं आणि त्या साहेबांच्या खोलीवर जायला तयार नव्हत्या.

स्वयंपाकघरात आई तिवऱ्याची, म्हणजे लाखोळीच्या कोवळ्या पाल्याची, भाजी निवडत होती. लेआबाई तिच्याजवळ पाटावर बसल्या, न विचारता भाजीची जुडी पुढे ओढली आणि निवडता निवडता सांगू लागल्या.

"योएल बावीस वर्षांचा होता. मुंबईला शिकत होता. त्यानं स्वतःच स्वतःला संपवलं. का, ते आम्हाला आजवर ठाऊक नाही. चिठ्ठी नव्हती. आदल्या रविवारी फोनवर माझ्याशी हसून बोलला होता. गावी आणलं. आमच्याकडे प्रार्थना चालवणारे एक म्हातारे मास्तर आहेत, त्यांनी सगळी तयारी केली होती. आजोबांच्या शेजारी खड्डा खणून ठेवला होता. सगळं गाव जमलं होतं. मास्तरांनी याला फक्त विचारलं, हनोख, सगळं नेहमीसारखंच करायचं ना? त्यांना सगळं ठाऊक होतं हो. तरी विचारताना ते जमिनीकडे बघत होते. यानं नुसती मान हलवली असती तरी झालं असतं."

आईचे हात थांबले होते.

"हा म्हणाला, नियम तसा नाही. जो आपल्या हातानं जातो त्याला वेगळं ठेवतात, भिंतीशी. त्याच्यासाठी कद्दिश म्हणत नाहीत, सात दिवसांचं सुतक धरत नाहीत. मी पुस्तकात वाचलंय, म्हणाला. कद्दिश म्हणजे गेलेल्यामागे दहा माणसांत उभं राहून म्हणायची प्रार्थना. मास्तरांनी दोनदा विचारलं. हा तेच म्हणाला. मग दुसरा खड्डा खणला. पहिला बुजवला. रिकामाच बुजवला."

"तुम्ही काही म्हटलं नाही?" आईनं विचारलं.

"म्हटलं ना. विचारलं, हे देवानं लिहिलंय? तर म्हणाला, नाही, मागच्या पंडितांनी ठरवलंय. मी म्हटलं, तुझ्या पणजोबाला हा नियम माहीत होता का? आमचे वाडवडील तेली. शनिवारी घाणा बंद ठेवायचा, खवल्यांचाच मासा खायचा, एक-दोन प्रार्थना म्हणायच्या, एवढंच त्यांना ठाऊक. शेकडो वर्षं आमच्या लोकांजवळ पुस्तकच नव्हतं. पुस्तकं मागून आली. त्यांच्यातही कोणी असं गेलं असेलच की. त्याला कुठे पुरलं असेल त्यांनी? आपल्या माणसांतच ना? मग ते ज्यू नव्हते का? त्याच दिवशी मी बहिणीकडे गेले."

भाजी निवडून झाली होती. त्यांनी पदर झटकला, देठं गोळा केली आणि कुठे टाकू म्हणून आईला विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेले, मधोमधचं ते टेबल पाहिलं आणि मला त्याच्याजवळून जाववेना. साहेब आले नव्हते, हे अघटितच होतं. अकराच्या सुमारास ते आले ते थेट माझ्यापाशी. भिंतीजवळ, चौदा नंबरखाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"सुनंदा, जरा बाहेर येशील?"

फाटकाबाहेरच्या टेलिफोन बूथवरून त्यांनी मुंबईला फोन लावला होता. लहानपणी ज्यांच्याकडे हिब्रू शिकले ते गुरुजी अजून हयात होते. ऑफिसातून खासगी फोन करायचा नाही हा नियम, म्हणून बूथ. आम्ही बूथच्या पायरीवर बसलो. समोरून टेम्पो, रिक्षा, गुढियारीच्या बाजाराकडे जाणारी पोत्यांची गाडी. साहेब त्यांच्याकडे पाहत सांगू लागले.

"गुरुजींना मी विचारलं, हा नियम देवाचा नाही, माणसांचा आहे, तर तो अजून बांधतो का? मला वाटलं, आता तरी ते नाही म्हणतील. ते म्हणाले, बांधतो."

साहेबांनी चष्मा काढून हातात धरला.

"मग त्यांनी मला विचारलं, नियम कोणाला लागू होतो ते वाचलंस का? मी म्हटलं, वाचलं, जो आपल्या हातानं जातो त्याला. ते म्हणाले, नाही. जो पूर्ण शुद्धीत, चार माणसांना सांगून, ठरवून, सांगितल्याबरोबर करतो त्याला. दुःखानं, भीतीनं, मन ठिकाणावर नसताना गेला त्याला नाही. आणि कोणी पाहिलेलं नसेल तर मन ठिकाणावर नव्हतं असंच धरायचं. हेही त्याच पंडितांनी ठरवलंय, त्याच पुस्तकात, पुढच्या पानावर. म्हणाले, त्यांनी तो नियम केला आणि कुणाच्याही पोराला लागू होऊ नये म्हणून जमेल तेवढं सगळं केलं. तू पुढचं पान उलटलं नव्हतंस का, हनोख?"

"मग?"

"नव्हतं उलटलं. त्या दिवशी सकाळी मी पुस्तक उघडलं, ती ओळ दिसली आणि पुस्तक मिटलं." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "इतकी वर्षं मी धरून बसलो होतो, की एक दिवस कळेल नियमच खोटा होता. मग माझा दोष नियमावर टाकता येईल. नियम खरा होता, सुनंदा. मी अर्धा वाचला."

संध्याकाळी ते आमच्या घरी आले आणि हेच सगळं त्यांनी लेआबाईंना उभ्यानं सांगितलं. त्या ओट्याशी पाठ करून उभ्या होत्या.

"तुला त्यासाठी पुढचं पान वाचावं लागलं," त्या म्हणाल्या. "मास्तरांना लागलं नव्हतं. मलाही नव्हतं."

साहेब म्हणाले, "हो."

त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून ओट्यावर ठेवली. योएलला आजोबांशेजारी आणावं, बापाची संमती आहे, असं मराठीत, ऑफिसच्या वळणदार अक्षरात. लेआबाईंनी ती दोनदा वाचली, घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवली. मग साहेब म्हणाले, "मला त्याच्यासाठी कद्दिश म्हणायचंय. आजच म्हणायचंय. पण गाडीचं तिकीट परवाचं आहे. आणि इथे दहा माणसं नाहीत."

माझे बाबा ओसरीवर होते. त्यांना एवढंच ऐकू गेलं, की दहा माणसं पाहिजेत आणि ती नाहीत. बाबा शाळामास्तर, आयुष्यभर पोरं गोळा केलेली. ते चपला घालून बाहेर पडले. दिवेलागण झाली नव्हती, पारा जागाच होता. अर्ध्या तासात ते परतले ते आठ जणांना घेऊन. घरमालक, शेजारचा दर्जी, मारुतीच्या देवळाचा पुजारी, भनपुरीला ट्रक चालवणारे दोघे भाऊ, किराणावाले शेठजी, आमचा चुलत भाऊ आणि साहेबांची रजा मंजूर झाल्याचा कागद द्यायला आलेला बिसाहू. सगळे हातपाय धुऊन अंगणात येऊन उभे राहिले.

"घ्या साहेब," बाबा म्हणाले. "मी धरून नऊ, तुम्ही दहावे. काय करायचं ते सांगा, आम्ही करतो."

साहेब पायरीवर आले. त्यांचे ओठ हलले. एक नाही, दोन नाही. शेवटी हात स्वतःच्या छातीवर आला आणि तिथेच राहिला. मला त्या क्षणी खात्री होती, की आता ते म्हणणार. इतकी चांगली माणसं, एका हाकेला आलेली. दहाचा नियमही माणसांनीच केलेला ना? स्वयंपाकघराच्या दारातून लेआबाई बघत होत्या. त्यांनी चौकट घट्ट धरली होती.

"मास्तर," साहेब बाबांना म्हणाले. "आमच्यातलेच दहा लागतात. तुम्ही सगळे आलात, पण हे मला नाही मोडता येत. मला माफ करा."

कोणी रागावलं नाही. पण कोणी हललंही नाही. पुजारी म्हणाले, "ऐसा कुछ नहीं है क्या, जो अकेला आदमी भी बोल सके?"

साहेब त्यांच्याकडे वळले. मग सावकाश म्हणाले, "है."

एक जुनं स्तोत्र होतं, एकट्यालाही म्हणता येण्यासारखं. त्यांनी ते आधी हिब्रूत म्हटलं. मग थांबले, म्हणाले, तुम्हाला कळलं पाहिजे, आणि एकेक ओळ मराठीत सांगू लागले. ओळ संपली की थांबायचे. त्या थांबण्यात काय म्हणायचं ते कोणालाच माहीत नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या ओळीला बिसाहू हात जोडून हळूच म्हणाला, "हव." म्हणजे हो, तसंच. पुढच्या ओळीला ट्रकवाले भाऊ म्हणाले, "हव." मग सगळे म्हणू लागले. शेवटी साहेबांनी नाव घेतलं. "योएल, हनोख आणि लेआचा मुलगा." तेव्हा अंगणातून आलेलं "हव" एवढं मोठं होतं, की शेजारच्या गच्चीवरच्या बाया वाकून बघायला लागल्या.

लेआबाई दारातच खाली बसल्या. त्यांच्या रडण्याला आवाज नव्हता. साहेब पायरी सोडून त्यांच्याजवळ गेले नाहीत. तिथेच उभे राहिले, टोपीवर हात ठेवून. त्या दोघांतलं काही त्या संध्याकाळी मिटलं असं मी सांगू शकत नाही. मी पाहिलं ते एवढंच, की परवाच्या गाडीला साहेबांनी आपली बॅग उचलली आणि लेआबाईंची पिशवीही उचलली, आणि बाईंनी ती उचलू दिली.

महिन्याभरानं लेआबाईंचं आईला पत्र आलं. योएलला आत घेतलं होतं. पण गावात आता त्यांची माणसं फार उरली नव्हती. कोणी मुंबईला, कोणी इस्राएलला. त्या दिवशी कबरस्तानात नऊच जमले. साहेब म्हणाले, थांबू या. सकाळी दहापासून सगळे थांबले. ज्या मास्तरांनी तो प्रश्न विचारला होता तेही आले होते. त्यांना खुर्चीवर बसवून आणलं होतं. दुपारी तीनच्या सुमारास आपल्या आईच्या कबरीवर फुलं वाहायला ठाण्याहून एक अनोळखी गृहस्थ आले. साहेबांनी त्यांच्यासमोर हात जोडले. मग झालं. लेआबाईंनी शेवटी लिहिलं होतं, कद्दिश म्हणताना याला मध्येच शब्द आठवेनात, जन्मभर पाठ असलेले. मास्तरांनी एकेक शब्द सांगितला आणि यानं मागून म्हटला.

साहेब परत येऊन उरलेली दोन वर्षं नोकरी पुरी करून गेले. आमचा मधूनमधून पत्रव्यवहार होता, मग तोही राहिला नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी माझ्या मुलीला समुद्र बघायचा होता म्हणून आम्ही त्या बाजूला गेलो. अलिबागहून एस.टी.नं रेवदंड्याला चाललो होतो. मध्ये एका लहान गावाच्या थांब्यावर गाडी थांबली. उन्हं कलती होती. मी खिडकीशी होते. गाडीच्या दारापाशी एक वाकलेला उंच म्हातारा उभा होता आणि उतरणाऱ्या प्रत्येक पुरुषाला काहीतरी विचारत होता. आवाज ओळखला तेव्हा मी खिडकीतून बाहेर वाकले.

"तुम्ही बेने इस्राएल का? एका मयतीला एक माणूस कमी पडतोय. दहा मिनिटांचं काम आहे."

उतरणारे मान हलवून पुढे जात. कंडक्टर हसून म्हणाला, "काका, या गाडीला नाही कोणी. सकाळच्या गाडीला एक होता ना?" माझ्या मागच्या बाईनं सांगितलं, आसपासच्या चार गावांत त्यांच्यातली कोणाचीही मयत असली तरी हे येतात. माणूस मिळेपर्यंत थांब्यावरून हलत नाहीत.

"झिराडकर साहेब!" मी खिडकीतून हाक मारली. "मी सुनंदा. रायपूरची."

त्यांनी वर पाहिलं. ओळखलं की नाही, मला आजही सांगता येत नाही. डोळे क्षणभर माझ्यावर थांबले, मग माझ्या खांद्यावरून मागे गेले, एकेका बाकावरून, आत बसलेल्या पुरुषांचे चेहरे शोधत. गाडी सुटली. मागे वळून पाहिलं तेव्हा रस्त्याच्या कडेला ते एकटेच उभे होते, मुरूडकडून येणाऱ्या दुसऱ्या गाडीला हात दाखवत.